पाहुणचार आणि गावकूस

पाहुणचार हा आपल्या समाजाचा फार अभिमानाचा विषय आहे. दारी आलेल्या माणसाला रिकाम्या पोटी जाऊ द्यायचे नाही, ही शिकवण घरोघरी दिली जाते. वऱ्हाडाला तर या गुणाबद्दल विशेष नाव आहे. आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या कोणत्याही खेड्यात, मग ते रिसोडकडचे असो की मानोऱ्याकडचे, अनोळखी माणूस भरदुपारी पोहोचला तर बाज टाकली जाते, पाण्याचा गडवा येतो आणि 'च्या घेतल्याबिगर जाऊ नका' असा आग्रह होतो. हा आग्रह खोटा नसतो. माणसे खरोखरच जीव लावतात. तरीही या जिव्हाळ्याकडे पाहताना दलित माणसाच्या मनात काही प्रश्न उभे राहतात आणि ते टाळून पुढे जाता येत नाही. बाज ओसरीवर टाकली जाते की अंगणात? गडवा हातात दिला जातो की ओंजळीत पाणी वरून ओतले जाते? आणि आज आग्रह करणारा हा यजमान उद्या आपल्या घरी पाहुणा म्हणून येईल काय?

माणसे प्रेमळ झाली म्हणजे भेद आपोआप गळून पडतील, अशी एक भाबडी समजूत आपल्याकडे रूढ आहे. प्रस्तुत लेखात या समजुतीची तपासणी करावयाची आहे. समाज एकाच वेळी अत्यंत अगत्यशील आणि अत्यंत विभागलेला असू शकतो. किंबहुना, भिंत जितकी पक्की तितका यजमान निर्धास्त असतो, आणि निर्धास्त माणसाला प्रेमळ होणे सोपे जाते. म्हणून पाहुणचारात जिव्हाळा किती आहे यावरून समाजाची पारख करता येत नाही. कोण कोणाचा पाहुणा होऊ शकतो, हे पाहावे लागते.

ही गोष्ट केवळ आपल्याकडची नव्हे. अमेरिकेतील अलाबामा, मिसिसिपी, जॉर्जिया ही दक्षिणेकडची राज्ये त्या देशात पाहुणचारासाठी प्रसिद्ध आहेत. गुलामगिरी कायद्याने संपल्यानंतरही याच राज्यांत काळ्या माणसाची शाळा वेगळी, आगगाडीचा डबा वेगळा आणि पिण्याच्या पाण्याचा नळही वेगळा होता. १८९६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने 'वेगळे पण समान' या नावाखाली या विभागणीला मान्यता दिली. आपल्या चळवळीला ही तुलना नवी नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला, आणि १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने आपले नाव तेथील ब्लॅक पँथरवरून घेतले.

दोन व्यवस्थांमध्ये एक फरक मात्र ध्यानात ठेवला पाहिजे. अमेरिकेच्या दक्षिणेत गोऱ्यांच्या घरचा स्वयंपाक कित्येकदा काळी बाई करीत असे, आणि गोऱ्यांचे मूलही तिच्या अंगाखांद्यावर वाढत असे. तिच्या हातचे अन्न चालत होते, तिचे पंक्तीला बसणे चालत नव्हते. आपल्याकडे हातच विटाळलेला मानला गेला. शेतात ज्वारीची कापणी त्याच हातांनी केली, खळ्यात मळणीही त्याच हातांनी केली. ते धान्य कणगीत गेले तरी कोणाला काही वाटले नाही. त्याच ज्वारीची भाकर त्या हातांनी थापली की मात्र धर्म बुडत होता. कोरडे धान्य चालते, शिजलेले चालत नाही; श्रम चालतात, सोबत चालत नाही. या एका नियमात आपली सारी समाजव्यवस्था सामावलेली आहे.

या नियमाचा पाहुणचाराशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध अगदी जवळचा आहे. जुन्या गावगाड्यात येणाऱ्या-जाणाऱ्याची व्यवस्था ही गावाची जबाबदारी होती आणि तिचा कष्टाचा भाग महाराच्या वाट्याला होता. वेशीवर राखण त्याने करायची. परका माणूस आला की पाटलाला वर्दी त्याने द्यायची. अंमलदार आला की घोड्याला वैरण, चुलीला सरपण त्याने आणायचे आणि पुढच्या गावापर्यंत सामान डोक्यावर वाहून न्यायचे. म्हणजे पाहुण्याला गावात आणणारा महार, त्याला वाट दाखवणारा महार. पण तो पाहुणा महाराच्या घरी एक घोट पाणी पिणार नाही. पाहुणचाराचे श्रम एकाचे आणि पाहुणचाराचे पुण्य दुसऱ्याचे, अशी ही विभागणी होती.

शिवाय, यजमान होण्यासाठी घरात स्वतःची भाकर असावी लागते. गावकीच्या मोबदल्यात घरोघर फिरून शिळी भाकर गोळा करणाऱ्या माणसाला यजमानपण कोठून येणार? म्हणूनच १९२७ सालच्या मार्च महिन्यात महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृतमांस आणि उष्टे अन्न टाकून द्यावयास सांगितले, यातला अर्थ समजून घेतला पाहिजे. हा केवळ स्वच्छतेचा उपदेश नव्हता. मागणारा हात देणारा व्हावा, याची ती पहिली अट होती. त्याच परिषदेत आलेल्या प्रतिनिधींसाठी एका दिवसाचे पाणी चाळीस रुपये मोजून स्पृश्यांकडून विकत घ्यावे लागले होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात दुसऱ्या परिषदेच्या मंडपाला जागा देण्यास एकही हिंदू तयार झाला नाही. ती जागा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. पाहुण्याला देव मानणाऱ्या संस्कृतीचे महाडात असे दर्शन घडले.

बाबासाहेबांच्या आयुष्याकडे या दृष्टीने पाहिले तर पाहुणचार नाकारला जाण्याची एक मालिकाच दिसते. त्यांनी १९३५-३६ च्या सुमारास लिहिलेल्या आठवणींना 'वेटिंग फॉर अ व्हिसा' असे नाव आहे. व्हिसा म्हणजे परक्या देशात शिरण्याचा परवाना. स्वतःच्याच देशात हा परवाना न मिळालेल्या माणसाची ती हकीगत आहे. १९०१ साली, नऊ-दहा वर्षांच्या वयात, भावंडांबरोबर वडिलांना भेटायला जाताना ते सातारा जिल्ह्यात मसूर स्टेशनवर उतरले. पुढच्या बैलगाडीच्या प्रवासात शिदोरी जवळ होती, पण पाणी कोणी दिले नाही. मुले उपाशी झोपली. १९१७ साली परदेशातून मोठ्या पदव्या घेऊन बडोद्याला नोकरीवर रुजू झाल्यावर राहायला घर मिळेना. पारशी विश्रामगृहात नाव बदलून काढलेले दिवस अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने संपवले. दोन स्नेह्यांकडे त्यांनी आसरा मागितला. एक हिंदू, दुसरा ब्राह्मणाचा ख्रिस्ती झालेला. दोघांनीही आपापल्या घरची अडचण सांगितली. दोघेही दुष्ट नव्हते, स्नेहीच होते. स्नेह होता, पण घर उघडले नाही.

याच्या अगदी उलट हकीगत १९२९ सालची, चाळीसगावची आहे. धुळ्याकडचे काम आटोपून बाबासाहेब परतताना चाळीसगावला उतरले. तेथील महारवाड्यातल्या माणसांनी एक रात्र आमच्याकडे राहा, असा आग्रह धरला. आपल्या पाहुण्याने वस्तीपर्यंत पायी चालत यावे हे त्यांना पटेना, आणि अस्पृश्याला टांग्यातून न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, पण टांगेवाला हाकणार नव्हता. ज्याने टांगा कधी हाकला नव्हता असा वस्तीतलाच एक माणूस पुढे बसला. नदीवरच्या पुलावर चाक अडकून टांगा उलटला, घोडा आणि टांगा खाली पडले आणि बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले जाऊन त्यांचा पाय मोडला.

ही हकीगत अनेकांना ठाऊक आहे, पण तिच्यातला पाहुणचाराचा अर्थ क्वचितच उलगडला जातो. चाळीसगावच्या महारवाड्याला पाहुण्याचे कौतुक करायचे होते. प्रेमात कमतरता नव्हती. परंतु पाहुण्याला नुसत्या प्रेमाने घरी आणता येत नाही. रस्ता लागतो, वाहन लागते, हाकणारा लागतो, आणि ही सारी साधने दुसऱ्यांच्या हाती होती. भाडे घेऊनही टांगेवाला बॅरिस्टरपुढे श्रेष्ठ ठरत होता. बाबासाहेबांनी स्वतः यातून हाच निष्कर्ष काढला आहे. वेगळ्या काढलेल्या वस्तीचा पाहुणचार कितीही मनापासूनचा असला, तरी तो या व्यवस्थेच्या जोखमीतूनच करावा लागतो.

म्हणून वस्तीच्या पाहुणचाराची प्रशंसा ऐकताना आपण थोडे सावध राहिले पाहिजे. बाहेरून आलेले अभ्यासक, पत्रकार, पुढारी वस्तीत येतात, कपभर चहा पितात आणि या गरीब माणसांची मने किती मोठी असे म्हणून जातात. मने मोठी आहेत यात शंका नाही. पण वस्तीचा पाहुणचार हा केवळ स्वभावाचा गुण नाही. ती जगण्याची गरज होती. गावात खाणावळ नाही, धर्मशाळेत जागा नाही, देवळाच्या ओवरीत पाऊल टाकायचे नाही. अशा वेळी परगावच्या आपल्या माणसाला आपल्या वस्तीखेरीज थारा कोठे होता? अमेरिकेतही असेच घडले. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या टपालवाल्याने १९३६ पासून 'ग्रीन बुक' नावाची पुस्तिका काढली. काळ्या प्रवाशाला कोणत्या गावी जेवण मिळेल, कोठे मुक्काम करता येईल, याची ती यादी होती. त्या यादीत हॉटेलांबरोबरच काळ्या कुटुंबांची राहती घरेही होती. रात्री अनोळखी प्रवाशाला दार उघडणारी ती घरे आणि आपल्या चळवळीच्या कार्यकर्त्याला भाकर-ठेचा वाढणारी आपली झोपडी, ही एकाच गोत्राची होत. अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगेबाबांनी पंढरपुरास चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि पुढे ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली, तीही याच गरजेतून. जेथे दार बंद आहे तेथेच दुसरे दार बांधावे लागते.

आता आजचा विचार करू. वळचणीला खोचून ठेवलेली वेगळी कपबशी आज पूर्वीइतकी दिसत नाही. भेद गेला असे मात्र नाही. त्याने रीत बदलली आहे. काही वर्षांपूर्वी राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरासाठी प्रस्तुत लेखक विद्यार्थ्यांसह जिल्ह्यातल्या एका गावी मुक्कामी होता. पहिल्या रात्री गावातल्या एका बागायतदाराकडे जेवण झाले. रोडगे, वांग्याची भाजी, वर तुपाची धार. घरातल्या आजीबाई 'मास्तर, लाजू नका' म्हणत स्वतः वाढत होत्या. दुसऱ्या दिवशी पारावर विचारपूस झाली. आडनाव कोणते, मूळ गाव कोणते, गावात घर कोणत्या पुऱ्यात? तिसऱ्या दिवसापासून जेवणाचा डबा शाळेत येऊ लागला. डबा उत्तम होता. पोळ्यांना तूप होते, लोणचे वेगळे बांधलेले होते, आणि डबा आणणारा मुलगा रोज विचारी, 'आजीनं इचारलं, सरचं पोट भरते ना?'

आजीबाईंची काळजी खोटी होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. ती खरी होती. आणि उंबरठा बंद झाला होता हेही तितकेच खरे. या दोन्ही गोष्टी एकाच डब्यातून येऊ शकतात, हे आपल्या सुधारकांना समजत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात १९६४ साली गाजलेल्या एका खटल्यात हेच रूप दिसते. अलाबामातील बर्मिंगहॅम शहरी 'ओलीज बार्बेक्यू' नावाची खाणावळ होती. तेथील दोनतृतीयांश नोकर काळे होते. गोऱ्या गिऱ्हाइकांना आत बसून जेवता येई. काळ्यांना मात्र पदार्थ बांधून बाहेर न्यावे लागत. अन्न तेच, हात तेच, पैसेही तेच. न्यायालयाने ही प्रथा बेकायदा ठरवली. त्याच वर्षी झालेल्या नागरी हक्क कायद्याने हॉटेले आणि खाणावळी सर्वांना खुल्या केल्या होत्या. आपल्या संविधानाने पंधराव्या कलमात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तळी यांतला भेद त्याच्या चौदा वर्षे आधी, १९५० सालीच बंद केला. सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ चा कायदा झाला, १९७६ पासून तो नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो, आणि १९८९ साली अत्याचार प्रतिबंधक कायदा आला.

कायद्याचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. ज्या माणसाला हॉटेलात शिरता येत नव्हते त्याला आज शिरता येते, हे कायद्याचे आणि त्यामागच्या लढ्याचे फळ आहे. पण कायदा खाणावळीपर्यंत पोहोचतो, ओसरीपर्यंत पोहोचत नाही. कोणी कोणाला घरी जेवायला बोलवावे हे कलम सांगू शकत नाही. आणि जात आज नेमकी तेथे जाऊन बसली आहे. शहरात भाड्याची खोली पाहायला गेले की आडनाव विचारले जाते, आणि मग खोली कालच दिली असे कळते. सहकारी घरी येतात, सोफ्यावर बसतात, पुस्तकांचे कौतुक करतात. ताट मांडायला घेतले की आज उपवास असल्याचे त्यांच्या लक्षात येते. या उपवासाला कोणतीही तिथी लागत नाही.

पाहुणचाराला आणखी एक अट जोडलेली असते. पाहुण्याने गोड बोलावे, ही ती अट. १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने बाबासाहेबांना आपल्या वार्षिक अधिवेशनाचे अध्यक्ष म्हणून निमंत्रण दिले. मंडळ सुधारकांचे होते. परंतु भाषणाचा मसुदा वाचल्यावर यजमान अस्वस्थ झाले; मजकूर गाळण्याची मागणी आली, ती बाबासाहेबांनी मानली नाही आणि अधिवेशनच रद्द झाले. ते न झालेले भाषण पुढे 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' म्हणून छापले गेले. केवळ सहभोजनाने जात मरत नाही, असे त्यात बाबासाहेबांनी स्पष्ट बजावले आहे. तिचे मूळ धर्मशास्त्रावरील श्रद्धेत आहे आणि ती श्रद्धा मोडल्याखेरीज, रक्ताचे संबंध जुळल्याखेरीज, जात जात नाही. यजमानाने ताट मांडले म्हणून पाहुण्याने खरे बोलणे सोडावे, असा सौदा त्यांनी केला नाही.

मग खऱ्या पाहुणचाराची खूण कोणती? आपल्या इतिहासात तिचे एक सुंदर उदाहरण आहे. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज यांच्या पागेतील गंगाराम कांबळे यांना स्पृश्यांच्या पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली. महाराजांनी त्यांना चहाचे दुकान काढून दिले. दुकानावर स्पृश्य गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तेथे चहा घेऊ लागले, आणि बरोबरच्या मंडळींनाही तो चहा घ्यावा लागला. महाराजांनी गंगारामांना राजवाड्यात बोलावून मिष्टान्न दिले असते तर ते औदार्य ठरले असते. ते स्वतः गंगारामांचे गिऱ्हाईक झाले, पाहुणे झाले. देणारा घेणारा झाला. पाहुणचाराचा प्रवाह उलटा वाहिला की व्यवस्थेला धक्का बसतो. सरळ वाहिला तर तो कितीही मोठा असला तरी धक्का बसत नाही.

ही कसोटी घेऊन आपण दुसऱ्यांकडे पाहतो, तशीच ती घेऊन स्वतःकडेही पाहावे लागेल. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा घेतल्यानंतर आपल्या वस्तीने भाकर मागणे सोडले, गावकीची कामे सोडली, आणि ती यजमान झाली. भीमजयंतीच्या दिवशी आपल्या दारातून कोणी उपाशी जात नाही. पण त्या दिवशी आपल्या पंक्तीला शेजारच्या मातंग वस्तीतला माणूस असतो काय? आपण त्याच्या घरी जेवायला गेलो काय? मानोरा तालुक्यात पोहरादेवीला बंजारा समाजाची मोठी यात्रा भरते. त्याच तालुक्यातल्या तांड्यावर आपले आणि आपल्या वस्तीत तांड्याचे किती जाणे-येणे आहे? बाबासाहेबांनी जातीला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. प्रत्येक पायरीला खालची एक पायरी दाखवून ही व्यवस्था टिकते. गावाने आपल्याला वेशीबाहेर ठेवले म्हणून आपल्यालाही एक वेस बांधायचा हक्क मिळत नाही.

मार्टिन ल्यूथर किंग १९५९ साली भारतात आले होते. केरळातील एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख अमेरिकेतून आलेले अस्पृश्य बांधव अशी करून दिली, असे त्यांनी १९६५ सालच्या एका प्रवचनात सांगितले. ती मुले अस्पृश्यांची होती. प्रथम किंग यांना या शब्दाचा धक्का बसला. मग आपल्या देशातल्या कोट्यवधी काळ्या माणसांची स्थिती आठवली आणि होय, मी अस्पृश्यच आहे, असे त्यांना उमगले. ज्या देशात मोठ्या लोकांनी त्यांचे स्वागत केले, त्याच देशातल्या शाळेतल्या मुलांनी त्यांना त्यांची खरी ओळख दिली. बरोबरीच्या माणसाने केलेला पाहुणचार असा असतो. तो पाहुण्याला केवळ सुखावत नाही. त्याला त्याचे सत्य सांगतो.

महाराष्ट्र शासनाने २०२० साली वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. पाट्या बदलतील, काही बदलल्याही आहेत. नाव बदलले म्हणजे वाट बदलत नाही, हे मात्र आपण जाणतो. ज्या दिवशी गावातला माणूस लग्नाकार्याला, दुखवट्याला, सणाला सहज म्हणून वस्तीत येईल, मांडी घालून बसेल, ताटातली भाकर मोडेल, पुन्हा मागून घेईल आणि जाताना आपल्याही घरी या असे म्हणेल, त्या दिवसापासून पाहुणचार हा शब्द आपल्याला गावाच्या बरोबरीने उच्चारता येईल. तोवर डबा आला तर तो परत पाठवावा की ठेवून घ्यावा, हे ज्याचे त्याने ठरवावे. मात्र डबा म्हणजे निमंत्रण नव्हे, हे प्रत्येकाने ओळखले पाहिजे.